अप्पांचा आपोआप चालणारा लेथ

सकाळी दाराची कडी वाजली की आमची ही स्वयंपाकघरातूनच म्हणते, "बघा, अप्पा आले. आज चटणी वाटू द्यायची का, विचारून घ्या."

खरंच तेवढ्यासाठीच आलेले असतात. मन्मथअप्पा आमचे शेजारी. मूळचे देगलूरचे, पण सगळी नोकरी लातूरच्या एका वर्कशॉपात, लेथवर लोखंड कातणारा टर्नर म्हणून केली. दारातूनच विचारतात, "सर, मिक्सर कवा लागणार हाय आज?" मी शाळामास्तर. वर्गात दिवसभर बोलतो, पण समोरच्या गॅलरीतली माणसं कान देऊन ऐकत असताना घरच्या मिक्सरचं वेळापत्रक सांगायला जीभ अडखळते.

"न्हाई म्हंजे, वायरीत आवाज येऊन राहिला ओ," अप्पा समजावतात. हा आवाज कानाला ऐकू येत नाही. आमचा मिक्सर फिरला की भिंतीपलीकडच्या त्यांच्या लेथला वाटतं आपल्यालाच हुकूम झाला, आणि तो भलतीकडं चालू लागतो. "करंटला अक्कल नसती, सर. कुणाचाबी हुकूम मानतो."

रिटायर झाल्यावर अप्पांनी एक जुना, छोटा लेथ आणून थेट बैठकीत मांडला. सोफा व्हरांड्यात गेला. मग तो लेथ कॉम्प्युटरवर चालवायचा नाद लागला. हातानं फिरवायच्या हँडलांना भंगारातल्या झेरॉक्स मशीनच्या मोटरी जोडल्या. मोटरींना हुकूम सोडणारा बोर्ड बाजारात तयार मिळतो, पण अप्पांना घरचाच पाहिजे. तांब्याचा थर दिलेली पाटी त्यांनी रसायनात बुडवली, नको तेवढं तांबं खाऊन टाकायला. बुडवली ती बायकोच्या, म्हणजे शांताकाकूंच्या, कणकेच्या परातीत. रसायनानं तांब्याबरोबर परातही खाल्ली. त्या दिवशी काकू आमच्याकडं परात मागायला आल्या तेव्हा त्यांना मान वर करवत नव्हती. "कशात बी काय बी करतेत," एवढंच म्हणाल्या.

बोर्डावर सोल्डर मारायचं काम मात्र काकूंचं. नाकावर चष्मा, हातात तापलेली इस्त्री धरावी तसं ते सोल्डरचं हत्यार, आणि बाजूला खुर्चीत बसून अप्पांचे हुकूम. "लई झालं. उचल, उचल." मी एकदा विचारलं, तर अप्पा म्हणाले, "तिची नजर पोरीसारखी हाय, सर." मला हसू आवरेना.

उन्हाळ्यात एकदाचा लेथ तयार झाला. अप्पांनी वर्कशॉपातले जुने जोडीदार बशीरभाई यांना नांदेडहून बोलावून घेतलं. गल्लीतलेही आम्ही पाचसहा जण बैठकीत दाटीवाटीनं उभे होतो. सळई फिरू लागली, कातायचं टूल हळूहळू सरकलं, लोखंडाची साल निघाली. बशीरभाई "वा, वा" म्हणत होते. तेवढ्यात गल्लीत कुणाची तरी बोरची मोटर सुरू झाली, आणि टूल तडक जाऊन सळई धरणाऱ्या चकवर आदळलं. ठिणग्या उडाल्या, फ्यूज गेला. एकजण हसला, मग सगळेच हसले. मीही.

फ्यूज बसवल्यावर बशीरभाईंनी अप्पांच्या पाठीवर थाप मारली. "जाऊ दे मन्मथ. मोटर काढ अन् हातानंच चालव की. तुझा हात बघायला लोक काम टाकून यायचे."

"नको," काकू दारातून म्हणाल्या. "जेवून घ्या आधी."

पण आता सगळ्यांनीच आग्रह धरला. हात पाठीशी बांधून उभं राहायची अप्पांची सवय. तसेच उभे होते. मग मोटर सोडवली गेली, आणि उजवा हात पुढं आणून त्यांनी हँडलवर ठेवला. हँडल टकटक वाजू लागलं. मशीनच अजून थांबलं नाही असं मला आधी वाटलं. अप्पांनी उजव्या हातावर डावा हात दाबून धरला. तोही थरथरत होता.

आता कुणी हसलं नाही. कुणी चपला शोधू लागलं. अप्पा आत गेले. मोरीतला नळ बराच वेळ वाहत राहिला.

"नोकरी संपता संपताच लागलं हे," काकू अंगणात हळूच म्हणाल्या. "कुणाला कळू द्यायचं न्हाई म्हणले. हात न लावता काम व्हावं म्हणून तर एवढा खटाटोप." मला त्यांच्याकडं बघवेना.

नंतर बरेच दिवस आमची कडी वाजली नाही.

मग एका दुपारी बशीरभाई अप्पांकडं आले. वरून तारेची जाळी विणलेल्या वायरीचं भेंडोळं काखेत होतं. उंबऱ्याबाहेरच थांबले. "या वायरीत बाहेरचा आवाज शिरत न्हाई म्हणतेत," ते म्हणाले. मग भेंडोळं पुढं करत, "मन्मथ, मला ठाऊक नव्हतं रे."

अप्पांनी सरकून आत यायला वाट दिली. दोघं म्हातारे फरशीवर बसून, एकमेकांकडं न बघता, जुन्या वायरी उपसू लागले. काकूंनी मला हाक मारली, बॅटरी धरायला.

संध्याकाळी लेथ सुरू झाला. या वेळी भलतीकडं गेला नाही. हँडल आपलं आपण फिरत होतं, आणि सळईवरून केसासारखी बारीक साल एका दमात उतरत होती. अप्पा स्टुलावर बसले होते. दोन्ही हात मांडीवर उघडे, थरथरत, आणि ते त्यांनी झाकले नाहीत.

"बशीर, बग," ते म्हणाले. "हलत न्हाई."

बशीरभाईंनी हँडलवरची नजर काढली नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "अजिबात हलत न्हाई."