बारा ससे आणि दर्जा-तपासणी समिती

विज्ञानात घाई चालत नाही. पुरावा गोळा होईपर्यंत माणसाने थांबायचे असते, आणि माणूस थांबला की त्याला भूक लागते.

बाळांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. (डोळे मिटू नका, पुढचे वाचता येणार नाही.) संशोधन संस्थेचा तिसरा मजला. खिडकीखाली बारा पिंजरे, त्यांत बारा ससे. टेबलावर बरणीत एका झाडपाल्याचा हिरवा अर्क.

प्रश्न गंभीर होता. नळात गाळ साचावा तशी माणसाच्या रक्तवाहिन्यांत चरबी साचते. ती या अर्काने निघते का? असे माणसाला थेट विचारण्याची पद्धत नाही, म्हणून सशाला विचारतात. पण सशाच्या रक्तवाहिन्या मुळातच स्वच्छ. तो पाला खातो आणि बैठकांना जात नाही. तेव्हा त्या आधी तुंबवायच्या आणि मग मोकळ्या करायच्या. यालाच प्रयोग म्हणतात.

तुंबवण्यासाठी रोज केक भाजला जाई. त्यात लोणी आणि अंड्याचा बलक. (साखर प्रयोगात नव्हती. ती कँटीनच्या आचाऱ्याने स्वतःच्या इभ्रतीसाठी घातली.)

नियम सात सांगतो, 'प्राण्यांना देण्यापूर्वी खाद्याचा दर्जा तपासावा.' संस्था नियमांची पक्की. पहिल्या दिवशी मुख्य संशोधिकाबाईंनी कणभर तपासला. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी फेरतपासणी केली. आठवड्याभरात अकरा जणांची समिती झाली. (त्यात ग्रंथपालही होते. त्यांचा विभाग वेगळा, पण तळमळ मोठी.) तपासणी इतकी कसून होई की ताटलीत काही उरत नसे. मग सशांना अर्क पिळून राहिलेला चोथा मिळे.

नव्वद दिवसांनी निरीक्षणे नोंदवली गेली. चपळ ससे : बारापैकी बारा. पट्ट्याला नवे भोक पाडलेले समिती सदस्य : अकरापैकी नऊ. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर 'विचारविनिमयासाठी' थांबण्याचा सरासरी वेळ : सहा मिनिटे.

अहवालात लिहिले, 'अर्क अत्यंत गुणकारी. सशांना चरबी शिवलीसुद्धा नाही.' हे खरेच होते.

आता एकच पायरी उरली. शुक्रवारी ससे चिरून रक्तवाहिन्या आतून पाहायच्या.

संशोधिकाबाईंची भाची शाळा सुटल्यावर त्याच खोलीत अभ्यासाला बसे. नऊ नंबरच्या सशाला ती 'खोडरबर' म्हणे, कारण तिचे अर्धे खोडरबर त्याच्या पोटात होते. तिने शुक्रवारची यादी वाचली.

"आत्या, माझ्या खोडरबरला कापणार?"

"अगं, नियमच आहे. ज्याने ते खाद्य खाल्लं, त्याला तपासायचंच."

"त्याने कुठं खाल्लं? तुम्हीच तर हाणलंत सगळं!"

"हाणलं काय म्हणतेस? तपासलं."

"रोज?"

"दर्जा रोज बदलतो, बाळा," समितीसह दारात आलेले मोठे साहेब धापा टाकत म्हणाले.

"मग नियमाप्रमाणे कोणाला कापायचं?"

ग्रंथपालांनी मिशीतला चुरा हळूच झटकला. नियमाविरुद्ध बोलायची त्या संस्थेत कोणाला सवयच नव्हती.

भाचीने यादीतले बाराही ससे खोडले आणि त्या जागी, पदाच्या क्रमाने, समितीचे अकरा सदस्य लिहिले. बाराव्या ओळीवर पेन्सिल अडली. अपुरी यादी संस्थेत स्वीकारत नाहीत, आणि यादी परत आली तर ससेही परत यादीत येणार. तिने खोलीभर नजर फिरवली. सगळे उभे होते. इतका वेळ एकाच जागी बसून, बोटही न हलवता, दुसऱ्यांच्या खाण्यावर हसणारे एकच जण तिथे होते.

ती तुमच्यापाशी आली, तुमच्या पोटाकडे एकवार पाहिले, आणि काही न विचारता तुमचे नाव लिहिले.