गंगम्मांचे शिंपले

आपल्याला फसवील असं पाणी अजून सोनपेठात आलेलं नाही, असं शिवरंजनीचं ठाम मत होतं. ती पाणी गाळायची, उकळायची, निववायची आणि मग पेला उजेडात धरून बघायची. तेव्हा कुठं तिच्या लेकीच्या, भक्तीच्या, तोंडाला वाटी लागायची. भक्तीला अजून धड चालता येत नव्हतं, पण तिनं आजवर प्यायलेला प्रत्येक घोट परीक्षा पास होऊन आलेला होता. शिवरंजनीचा नवरा रुद्रेश म्हणायचा, "तू पोरीला पाणी न्हाई, पाण्याचा अर्क पाजायलीस."

तरी शिवरंजनीच्या मनातून नदी काही जात नव्हती. नळाला पाणी येतं ते गोदावरीचं. वर कुठं कोण फवारणीचे डबे विसळतं, कोण काय सोडतं, हे डोळ्याला थोडंच दिसतं? उकळून जंतू मरतात. शिसं मरतं का? साध्या बाईची भीती चार माणसं समजूत घालून घालवतात. शिवरंजनी प्राणिशास्त्रात एमेस्सी झालेली. तिची भीती पुराव्यानिशी असायची, त्यामुळं घालवणार कोण?

म्हणूनच परभणीच्या कॉलेजातून तिच्या जुन्या प्राध्यापिका धम्मशीला मॅडम यांचा फोन आला, तेव्हा त्यांचं बोलणं संपायच्या आत तिनं हो म्हणून टाकलं. मॅडम नदीचं पाणी शिंपल्यांवरून तपासत होत्या. शिंपला दिवसभर पाणी आत ओढतो, गाळतो, बाहेर टाकतो. पाण्यात जे वाईट असेल ते थोडं थोडं त्याच्या मांसात साठत जातं. बाटलीभर पाणी फार तर आजचं सांगेल, शिंपला महिन्याभराचं सांगतो. एकाच तळ्यातले शिंपले आणायचे, निम्मे जाळीच्या पिंजऱ्यात घालून नदीत सोडायचे आणि निम्मे कुणाच्या तरी घरी, तपासून चांगल्या ठरलेल्या बोअरच्या पाण्यात ठेवायचे. महिन्यानं दोन्हीकडचे काही फोडून त्यांचं मांस ताडून बघायचं.

"घरी म्हणजे कुणाच्या?" रुद्रेशनं विचारलं.

"आपल्या."

रुद्रेशचा घास हातातच राहिला. "शिवा, आपलं घर कोणचं हाय? पोरीच्या पुस्तकात अंड्याचं चित्र निघालं तर आईनं ते पान चिकटवून टाकलंय."

"त्यांना कळणारसुद्धा नाही. न्हाणीघरामागं टब ठेवते, वर फळी टाकते. मी सगळं ठरवलंय."

शिंपले आले, आणि ते सगळं ठरवलेलं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकलं.

सासूबाई गंगम्मा लिंगपूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे घेऊन, बेलाला पाणी घालायला मागं गेल्या. फळी बघून त्यांनी ती उचलली. शिंपल्याला फटीतून मऊ पाय बाहेर काढायची सवय असते, आणि त्यातल्या एकानं नेमका तोच मुहूर्त साधला.

"सुनबाई! आगं ये सुनबाई! ह्यो दगड मला जीब दावायलाय!"

शिवरंजनी भाकरीच्या हातानं धावली. गंगम्मांनी एव्हाना टब ओळखला होता आणि सुनेलाही. "शिजवायला आणलीस व्हय ही? डाक्तरनं ताकद कमी हाय म्हणलं म्हणून? आमच्या घरात?"

"शिव शिव, आत्याबाई! शिजवायला कशाला? सांभाळायला आणलेत."

जीव वाचवायला माणूस काहीही बोलतो. पण या एका शब्दानं गंगम्मांचा चेहराच बदलला. त्या टबाजवळ उकिडव्या बसल्या. "सांभाळायला? किती रोज?"

"महिनाभर. पाहुणे आहेत समजा."

"मग पाव्हण्यांना न्हाणीच्या मागं ठिवतेत का गं? काय शिकलीस कालेजात?"

दुपारपर्यंत टब ओसरीवर, भक्तीच्या पाळण्याशेजारी आला होता.

पाहुणे म्हटले की पाहुणचार आला. पहिल्याच संध्याकाळी गंगम्मा वाटीत दूध घेऊन हजर. शिवरंजनी आडवी आली. "आत्याबाई, पाण्यात काही घालायचं नाही. मॅडमनी शेवाळाचं हिरवं पाणी दिलंय, त्याचे थेंब फक्त."

"दूध बी न्हाई?"

"बिलकुल नाही."

"पीठ चिमूटभर?"

"नाही."

"इभूत?"

"विभूती तर नाहीच नाही. सगळी तपासणी वाया जाईल. भक्तीच्या पाण्याचा प्रश्न आहे हा."

नातीचं नाव निघाल्यावर गंगम्मांनी वाटी मागं घेतली. गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणाल्या, "टबाच्या पाण्यात मी कायबी घालणार न्हाई. शब्द हाय माजा." आणि तो त्यांनी पाळला. हे पुढं फार महत्त्वाचं ठरलं.

घरात जिवंत शिंपले पाळलेत, ही बातमी गल्लीत पसरली. बाया बघायला येऊ लागल्या. शेजारची बबिता तर रोज. टबावर वाकून म्हणाली, "आगं माय, किती गुटगुटीत हायती! आमच्या बाळ्याची तब्येत न्हाई अशी."

दुसऱ्या दिवशी एक शिंपला आ वासून मेलेला.

"बबीची नजर," गंगम्मा कडाडल्या. "ही आपल्या पोटची लेकरं न्हाईत, म्हणून नजर लागत न्हाई व्हय?"

शिवरंजनीनं शास्त्र सांगितलं. ऊन लागलं असेल, पाण्यातला प्राणवायू कमी पडला असेल. सांगता सांगता तिच्याही मनात आलं, की बबिताची नजर आहे मात्र तशीच. तिचा दृष्टीवर विश्वास नव्हता. पण विश्वास नसलेल्या गोष्टीचीही काळजी घेतलेली बरी, म्हणून भक्तीसाठी आठवडी बाजारातून झाकणावर कमळ असलेली काजळाची डबी तिनं स्वतः आणली होती, आणि बबिताची चाहूल लागली की लेकीच्या तळपायाला ती गुपचूप तीट लावायची. गालावर लावली तर शिकलेली बाई म्हणून लोक हसले असते.

त्यानंतर मात्र एकही शिंपला मेला नाही. शिवरंजनीनं टब सावलीत सरकवला होता, श्रेय तिनं सावलीला दिलं. गंगम्मा नुसत्या गालातल्या गालात हसल्या.

महिना झाला. मॅडम येऊन नदीतले काही आणि टबातले तीन शिंपले घेऊन गेल्या. गंगम्मांनी दारापर्यंत येऊन विचारलं, "कुटं चालवलीत?"

"तपासायला, मावशी."

"नीट तपासा. त्यो मोठा जरा लाजरा हाय."

तपासायला म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारलं नाही आणि शिवरंजनीनं सांगितलं नाही.

मग मॅडमचा फोन आला. "शिवरंजनी, नदीतले शिंपले बरे निघालेत गं. चिंतेसारखं काही नाही."

शिवरंजनीला वाटलं, भक्तीला उचलून गल्लीभर नाचावं.

"पण तुझ्या टबातल्यांत शिसं सापडलंय. भरपूर. तुझ्या घरात आहे तरी काय?"

नाचायला उचललेली भक्ती तशीच कडेवर राहिली. पुढचा तास त्या घरात रणधुमाळी होती. बोअर बंद! नळ बंद! पितळी भांडी अंगणात! भिंतीचा रंग जुना म्हणून पाळणा अंगणात, आणि पाळण्याबरोबर टबही. रुद्रेशला पाण्याच्या जारसाठी पिटाळलं. पहिल्या जारला वास आला म्हणून तो परत पाठवला, दुसरा नुसत्या रंगावरून. गंगम्मांना चहा मिळेना. बबितानं कुंपणावरून बघितलं आणि गल्लीत सांगितलं, "त्यांच्या घरात इख निघालंय." दूधवाल्यानं दूध कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवलं आणि तिथूनच पळ काढला.

"शिवा, आता श्वास तरी घ्यायचा का?" रुद्रेशनं तिसरा जार उतरवत विचारलं.

"हळू घ्या," शिवरंजनी म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅडम बाटल्या घेऊन स्वतः आल्या. बोअरचं पाणी घेतलं, टब खरवडला, भिंतीचा पोपडा पुडीत बांधला. त्या अंगणात घाम पुसत उभ्या असताना गंगम्मा बाहेर आल्या, टबाशी बसल्या, एकेक शिंपला उचलून फटीपाशी बोट टेकवून परत ठेवू लागल्या. हातात झाकणावर कमळ असलेली डबी होती.

"मावशी, हे काय?"

"तीट. रोज लावते. काल ह्या धांदलीत ऱ्हाऊन गेली." गंगम्मांनी सुनेकडं बघितलं. "पाण्यात घातलं न्हाई हां मी काय. शब्द म्हंजे शब्द. अंगाला लावलं."

"रोज? आणि मला कसं दिसलं नाही?" शिवरंजनीनं एक शिंपला उचलून उजेडात धरला.

"काळ्या अंगावर काळी तीट दिसती व्हय कुटं?"

मॅडमनी डबी हातात घेतली, वास घेतला आणि पुडीत बांधली. "हे काजळ कुणी आणलं?"

रुद्रेशनं जारकडं बघितलं. गंगम्मांनी बेलाकडं बघितलं. भक्तीनं मात्र आईकडं बघून टाळ्या वाजवल्या.

बोअर निर्दोष सुटला, भिंतही सुटली. शिसं कमळाच्या डबीत निघालं. भक्तीचं रक्त तपासायला परभणीला नेलं. रिपोर्ट येईपर्यंत शिवरंजनीच्या घशाखाली पाण्याशिवाय काही उतरलं नाही, आणि तेही नळाचं, न गाळता. रिपोर्ट चांगला आला. "तळपायालाच लावत होतात, ते बरं झालं," डॉक्टर म्हणाले. "आता तेही नको."

घरी आल्यावर तिनं उरलेले शिंपले तळ्यात सोडायचं ठरवलं आणि सासूबाईंचे हात धरले. "चुकलं माझं, आत्याबाई. महिनाभर नदीवर डोळे ठेवून बसले, आणि डबी माझीच निघाली. इथून पुढं तुमच्यापासून काही लपवायची नाही."

"असू दे गं. लेकराच्या मायेपायी केलंस." गंगम्मांनी टबावरून हात फिरवला, ओठांनी मोजदाद केली आणि वर बघितलं. "तेवढी ती तिघं तपासायला नेलेली कवा सोडणार? समद्यांना संगटच तळ्यात सोडू म्हणते मी."

शिवरंजनीनं भक्तीसाठी पाणी गाळायला घेतलं. पाणी गाळून झालं होतं. तिनं ते पुन्हा गाळलं.