वैमानिकांचं चुकलेलं विमान

चष्म्याच्या दुकानाचे मालक इमारतीत ‘वैमानिक’ म्हणून ओळखले जात. विमानात ते आजवर दोनदाच बसले होते, आणि दोन्ही वेळा मधल्या खुर्चीत. पण गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना त्यांचं अर्धं लक्ष फोनवरच्या नकाशाकडे असे. विमानकंपनीनं लांब पल्ल्याची नवी विमानं मागवली तेव्हापासून तर उरलेलं अर्धंही तिकडेच गेलं. कारखान्यातून कुठलं विमान रंगवून निघालं, कुठलं कंपनीच्या ताब्यात आलं, ते कुठल्या मार्गावर लावणार, हे सगळं आपल्याला कंपनीच्या आधी कळतं असं त्यांचं म्हणणं होतं. याच नादाच्या माणसांचा फोनवर एक गट होता. त्यातल्या एका दंतवैद्याशी त्यांची रोज जुंपत असे.

परदेशातल्या लेकीकडे जायचं ठरलं तेव्हा बायकोनं साधा प्रश्न विचारला, “तिकिटं कधीची काढायची?”

“पहिलं नवं विमान दुसरीकडे लावलंय. दुसरं त्या मार्गावर लागेल तेव्हाची.”

“आणि ते कधी लागेल?”

“खुर्च्या आल्या की. विमान तयार आहे, खुर्च्यांचा कारखाना मागे पडलाय.”

खुर्च्यांचा कारखाना मागे पडत गेला तशी तिकिटाची तारीख पुढे सरकत गेली. लेकीनं दोनदा पाहुण्यांची खोली आवरली आणि दोनदा पुन्हा पसरू दिली. शेवटी नातीचा फोन आला. शनिवारी संध्याकाळी तिच्या शाळेचं नाटक होतं आणि त्यात ती झाड होती. “आजोबा, मी पहिल्यांदाच स्टेजवर उभी राहणार आहे. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं.”

फोन ठेवून बायको म्हणाली, “शुक्रवारी सकाळी निघायचं. विमान नवं असो, जुनं असो, नाहीतर कागदाचं असो. ते नाटक चुकलं ना, तर तुमची विमानं आणि तुम्ही, दोघंही माझ्या घराबाहेर.”

सुदैवानं खुर्च्या आल्या. दुसरं नवं विमान शुक्रवारपासूनच त्या मार्गावर लागणार अशी बातमी वैमानिकांनीच गटात फोडली, आणि पहिल्या फेरीत आपण स्वतः आहोत हेही जाता जाता कळवलं. दंतवैद्यानं नुसता अंगठा पाठवला. तो जळतोय, हे वैमानिकांना त्या अंगठ्यावरूनच दिसलं.

शुक्रवारी विमानतळावर चौदा नंबरच्या दारापाशी बसल्यावर त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. समोर जुनं विमान उभं होतं. शेपटीचा रंग विटलेला, पंखाखाली तेलाचे ओघळ. नवं विमान मात्र पार दुसऱ्या टोकाला, तीन नंबरच्या दारासमोर झळकत होतं.

“दार चुकलंय,” ते म्हणाले.

“फलकावर चौदाच लिहिलंय.”

“फलकाचं काय घेऊन बसलीस? फलक माणसं लावतात. विमान मी शेपटीच्या नंबरावरून ओळखतो. आपलं विमान ते आहे. बघ, आत्ता सगळ्यांना तिकडे पळवतील.”

“मग पळवतील तेव्हा पळू.”

“मी नुसता बघून येतो. पाच मिनिटांत आलो.”

बायकोनं पिशवीतून विणकाम काढलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पाच मिनिटांत निम्मी बाही होते हे तिला पाठ झालं होतं.

तीन नंबरच्या दारापाशी चिटपाखरू नव्हतं. वैमानिक काचेला नाक लावून उभे राहिले. फोनवर कंपनीचा निरोप आला की विमानाला एक तास उशीर आहे. उशीर का, हा प्रश्न एरवी त्यांनी सोडला नसता, पण समोर नवरी मुलगी उभी असताना निरोप कोण वाचतो? तेवढ्यात एक बुटकी गाडी आली आणि नव्या विमानाला ओढत इमारतीमागे घेऊन गेली. त्यांनी लगेच दंतवैद्याला फोन लावला.

“दुरुस्तीला हँगरमध्ये नेलं हो. खुर्च्यांमध्येच काहीतरी गोची असणार.”

“मी आधीच म्हणालो होतो. त्या खुर्च्या घाईत बसवल्यात.”

“घाईत? कुणी सांगितलं तुम्हाला घाईत?”

मग जे सुरू झालं ते थांबेना. मध्ये बायकोचा फोन तीनदा वाजला. खिडकी हवी का विचारत असेल, असं म्हणून त्यांनी तीनदा कापला. छतातल्या भोंग्यातून कुणाला तरी कळकळीनं बोलावत होते, पण दंतवैद्याचा आवाज भोंग्याहून मोठा होता. बोलत बोलत वैमानिक वरच्या मजल्यावर गेले, हँगर दिसतो का ते पाहिलं, कॉफी घेतली, आणि मन घट्ट करून जुन्या विमानात बसायला खाली आले.

चौदा नंबरपाशी पोचतात तर काय, काचेबाहेर नवं विमान! ते हळूच मागे सरकत होतं, निघालं होतं. वैमानिकांना भरून आलं. त्यांनी धडाधड फोटो काढले आणि गटात टाकले. ‘नवं विमान आज कुठल्यातरी लांबच्या मार्गावर रवाना. आतले लोक भाग्यवान.’

मग ते दारापाशी टेबलामागे बसलेल्या कंपनीच्या मुलीकडे वळले. “आमचं विमान कुठल्या दाराला लावलंय?”

तिनं त्यांचा पास पाहिला. मग त्यांच्याकडे पाहिलं. “काका, आत्ता ज्याचे फोटो काढलेत ना, तेच.”

“पण ते तर हँगरमध्ये...”

“जुन्यात बिघाड निघाला म्हणून ते फिरवून इथे आणलं. तुम्हाला पुकारून पुकारून माझा घसा बसला. तुमची बॅगही उतरवावी लागली. आणि काकूंचा निरोप आहे.”

“काय?”

“‘ते कुठल्यातरी विमानाकडे बघत उभे असतील. नात वाट बघतेय, मी पुढे होते.’”

वैमानिक तिथेच खुर्चीवर बसले. गटात दंतवैद्याचा प्रश्न येऊन पडला होता, ‘तुम्ही आत ना? मग फोटो बाहेरून कसा?’ आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी गटाला उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या विमानात त्यांना जागा मिळाली. विमान जुनं होतं, खुर्ची मधली होती आणि तिचा हात दोरीनं बांधलेला होता. प्रवासभर त्यांनी एकदाही नकाशा उघडला नाही. विमान कुठलंही असो, फक्त वेळेवर उतरू दे, एवढंच ते घोकत होते. उतरल्यावर बॅग ओढत, धापा टाकत ते थेट शाळेच्या सभागृहात शिरले. पहिल्या रांगेत बायकोशेजारी एक खुर्ची पर्सनं अडवून ठेवलेली होती.

रंगमंचावर एक छोटं झाड उभं होतं. आजोबा दिसताच त्यानं एक फांदी हलवली. वैमानिकांनी दोन्ही हात हलवले आणि डोळे पुसले.

“कसं होतं?” त्यांनी दबक्या आवाजात बायकोला विचारलं.

“काय?”

“विमान गं.”

“कुणाला माहीत. बसल्या बसल्या झोपले, उतरताना उठले.”

त्यांचा चेहरा पाहून बायकोनं पर्समधून एक गुळगुळीत पुठ्ठा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. संकटात दारं कुठली ते दाखवणारा, नव्या विमानातला कोरा करकरीत कागद. “हवाईसुंदरीकडून मागून घेतला. म्हटलं, माझे हे बाहेर राहिलेत.”

वैमानिकांनी तो न पाहताच खिशात घातला आणि नजर झाडावर ठेवली. पडदा पडेपर्यंत त्यांनी खिशाला हात लावला नाही. बायको त्यांच्याकडे जरा वेळ पाहत राहिली.

टाळ्या चालू असताना ती हळूच म्हणाली, “झोपले नव्हते मी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून म्हटलं. खिडकीला पडदाच नाही हो. बटण दाबलं की काच आपोआप निळी होते. मी तर वाटभर तेच करत होते.”

“असं?”

“कानही दुखले नाहीत. बरं, परतीचं विमान कुठलं आहे आपलं?”

वैमानिकांनी ओशाळून सांगितलं, “जुनंच. नवं तोवर दुसऱ्या मार्गावर लावणार आहेत.”

बायकोनं पर्सची चेन लावली.

“मग तारीख बदला,” ती म्हणाली.