टायरच्या गोदामामागची चेरी

डॉक्टर मुकुंद पेठे यांना पत्ता विचारून जो कुणी चेरीचा बहर बघायला निघाला, तो टायरच्या गोदामापाशी पोचला. एखाद्या वर्षी गोदामाऐवजी सांडपाण्याचं केंद्र, एखाद्या वर्षी बंद पडलेलं कार्पेटचं दुकान. चेरी कुठेच नाही. एप्रिल आला की मँचेस्टरच्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "ब्लॉसम कुठे चांगला आहे? पार्कात फार गर्दी असते हो." सगळ्यांत आधी उत्तर यायचं ते पेठेकाकांचं. पोस्टकोडसकट, पार्किंगच्या सूचनांसकट. "गोदामाला वळसा घालून मागे जा. स्वर्ग आहे." मंडळाच्या सेक्रेटरी नीलिमाताई एकदा नवरा, सासू, पुरणपोळीचा डबा आणि सतरंजी घेऊन त्या स्वर्गात गेल्या. त्यांचा फोटो अजून ग्रुपवर आहे. मागे टायरचे डोंगर, पुढे सासूबाई.

नीलिमाताईंनी जाब विचारला तेव्हा काका म्हणाले, "गर्दी होती का?"

"नव्हती."

"मग? तुम्ही तेवढंच मागितलं होतंत."

काका माझे शेजारी. त्यांच्या लगतच्या घरातली माळ्यावरची खोली मी भाड्याने घेतली आहे. पुण्याहून शिकायला आले आणि भाडेकरूंच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या एका छोट्या संघटनेत रुजू झाले. पत्रकं लिहायची, छापायची, दारांच्या फटींतून आत सरकवायची, हे माझं काम. त्यामुळे मला सौम्य बोलता येत नाही. काकांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव मोर्चाबाई ठेवलं. "काय मोर्चाबाई, आज कोणाचा निषेध?" असं कुंपणावरून विचारायचे, आणि मी खरंच सांगायला लागले की हात वर करून म्हणायचे, "दहापासून उलटं मोज."

हे त्यांचं पेटंट वाक्य. काका निवृत्त भूलतज्ज्ञ. सगळं आयुष्य माणसांना झोपवण्यात गेलं. "माझे पेशंट फार गुणी. सातच्या खाली कोणी गेला नाही, आणि उलट उत्तर कोणी दिलं नाही." जागी माणसं त्यांना झेपत नाहीत. एकत्र जमलेली जागी माणसं तर मुळीच नाहीत. मंडळाच्या गणपतीला ते आरती संपल्यावर येतात आणि प्रसादाच्या रांगेआधी जातात. म्हणजे नेमके कशाला येतात, हे गणपतीलाच ठाऊक.

चेरीच्या बाबतीत मात्र मला ते सहन होईना. झाडं सार्वजनिक, ती लावली करदात्यांच्या पैशांतून, आणि बहर कुठे आहे ही माहिती एका डिटॅच्ड घरातला एक पेन्शनर दाबून बसतो? मी त्यांना तोंडावर सांगितलं, "काका, ही साठेबाजी आहे."

ते रागावले नाहीत. गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाले, "चल. तुला साठा दाखवतो."

मग त्या वसंतात मी जे पाहिलं ते कुठल्याही पर्यटनाच्या यादीत नसेल. एका डेंटिस्टच्या मागच्या पार्किंगमधलं पांढरंशुभ्र झाड, ज्याच्या खाली कचऱ्याच्या कुंड्या ओळीने उभ्या होत्या. कौन्सिलच्या जुन्या वसाहतीतल्या गच्च गुलाबी फांद्या, आणि त्यांच्यावर वाळत घातल्यासारखा अडकलेला कोणाचा तरी मोजा. ट्राम जिथे रिकामी होऊन परत फिरते, त्या शेवटच्या स्टॉपचा कठडा. दफनभूमीची मागची भिंत. काकांचा सिद्धांत साधा होता. पार्कात झाडं लोकांनी बघावीत म्हणून लावतात. इतर ठिकाणी कोणीतरी एकदा लावली आणि विसरून गेलं. "आपण विसरलेल्यांकडे जायचं. आणि एक नियम. जिथे कॉफी मिळते तिथे फूल बघायला जायचं नाही."

पार्कातल्या गर्दीबद्दल ते फार तुच्छतेने बोलत. "माणूस पुढे, फूल मागे. हे बघायला आलेत की दाखवायला?" फुलाखाली गेल्यावर मात्र त्यांचं बोलणं बंद होई. खिशात हात घालून, मान वर करून उभे राहत. नाडी मोजणाऱ्या माणसासारखे.

मला वाटलं, साठा पाहून झाला. एक जागा त्यांनी दाखवलीच नव्हती, हे मला संघटनेच्या कामातून कळलं.

आमच्या भागातल्या हॉस्पिटलच्या मागे डॉक्टरांच्या आणि नर्सेसच्या जुन्या क्वार्टर्स आहेत. आता रिकाम्या, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. त्यांच्यासमोर चेरीची एक रांग आहे. क्वार्टर्स पाडून, झाडं तोडून तिथे कार पार्क वाढवायचा बेत होता. मी पेटले. पत्रक लिहिलं. पण हरकत घ्यायला माणसं लागतात, आणि त्या झाडांचं नाव काढलं तर लोक विचारायचे, तिथे झाडं आहेत? जे कोणी पाहिलंच नाही ते वाचवायला कोण येणार? बहर होता तोवरच लोकांना तिथे उभं करायला हवं होतं. मी काकांकडे गेले. म्हटलं, ग्रुपवर लोक तुमच्याकडेच पत्ता मागतात, यंदा एक खरा पत्ता द्या.

काकांनी पत्रक वाचलं, घडी घातली आणि परत केलं. "ती झाडं म्हातारी झालीत. राहू दे."

"काका, तोडणार आहेत ती."

"मग तोडू देत. तिथे जत्रा भरवून तोडण्यापेक्षा शांतपणे तोडलेली बरी."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. स्वार्थी हा त्यातला सगळ्यांत मवाळ शब्द होता. त्यांनी मला उलटं मोजायलासुद्धा सांगितलं नाही. दार लावून घेतलं.

दोन दिवसांनी मी एकटीच पत्रकासाठी फोटो काढायला क्वार्टर्सकडे गेले. कामाचा दिवस, दुपार, चिटपाखरू नाही. रांगेतल्या शेवटच्या झाडाखाली काकांची घडीची खुर्ची मला लांबूनच ओळखू आली. काका तिच्यावर बसलेले. समोर घडीचं टेबल, त्यावर स्टीलचा डबा, थर्मास, कोयरी, वाटीत भिजवलेले हरभरे. आणि डोक्यावरच्या फांदीला एक छोटासा झोपाळा टांगलेला. फ्रॅक्चर झालेला हात गळ्यात अडकवायची ती पांढरी झोळी असते ना, तिचा. त्यात पितळेची अन्नपूर्णा, अंगठ्याएवढी. चैत्रगौर.

हळदीकुंकू हा बायकांचा मामला. पुरुष त्या दिवशी घराबाहेर जातात किंवा स्वयंपाकघरात खुर्च्या मोजतात. आणि इथे एक सडाफटिंग म्हातारा हॉस्पिटलच्या मागे एकटाच गौरीला झोका देत होता.

मला पाहून ते उठले नाहीत. पकडले गेल्यासारखं हसले. "बस, मोर्चाबाई. पन्हं घेतेस?"

मग त्यांनी सांगितलं, झाडाकडे बघत, तुटक तुटक. त्यांच्या बायको, विजयाकाकू, लग्न होऊन आल्या त्या याच क्वार्टर्समध्ये. एक खोली, शेजारी मराठी सोडा, हिंदी बोलणारंसुद्धा कोणी नाही. चैत्र आला तसं त्यांना हळदीकुंकू करायचं होतं आणि बोलवायला बाई नव्हती. म्हणून त्यांनी वॉर्डातल्या नर्सेसना बोलावलं. खोलीत मावेनात, म्हणून गौर खाली झाडाखाली आणली. झोपाळा नव्हता, काकांनी कॅज्युअल्टीतून झोळी आणली. कैरी नव्हती, काकूंनी आंबट सफरचंद किसून डाळ केली. पन्हंही त्याचंच. आयर्लंडच्या, जमैकाच्या, केरळच्या नर्सेस कपाळाला कुंकू लावून ड्युटीवर गेल्या आणि मेट्रनने त्यांना ओळीने उभं करून डोक्याला काय लागलंय म्हणून तपासलं. पुढे घर झालं, मंडळ झालं, कैऱ्याही मिळायला लागल्या. पण काकू गौर इथेच आणायच्या आणि डाळ सफरचंदाचीच करायच्या.

"ती गेली त्या वर्षी गौर कपाटात राहिली," काका म्हणाले. "मला काही वाटलं नाही. पुढच्या चैत्रात कपाट उघडलं तर ती दिसली. तशीच बसून होती. ते काही मला बघवेना."

"मग घरीच का नाही बसवत?"

"घरी बसवली तर बायका बोलवायला नकोत? पेठ्यांच्या घरी हळदीकुंकू, आणि करणार कोण, तर पेठे. नीलिमाताई हसून हसून मरतील. नाहीतर रडतील. दोन्ही मला जमत नाही." मग ते म्हणाले, "तुझं ते जुनं पत्रक वाचलं होतं मी. हळदीकुंकवातून विधवांना वगळतात, ते."

"मग?"

"बरोबर होतं. विधुरांबद्दल काही नव्हतं त्यात."

मी पत्रकांवर जगणारी मुलगी. पिशवीतलं एक पत्रक काढलं आणि त्याच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलं: विधुर.

त्यांनी कोयरी माझ्यापुढे धरली. हात पुढे, पण बोट कुंकवाला लागेना. "मी लावायचं असतं की नाही, हे विजयाने कधी सांगितलं नाही." मी हळदीकुंकू घेत नाही, कुणाकडेही. तत्त्व आहे माझं. मी स्वतःच बोट बुडवलं आणि कपाळाला टेकवलं. हरभरे घेतले. डाळ खाल्ली. सफरचंदाची डाळ मुळीच चांगली लागत नाही, हेही सांगितलं. काका म्हणाले, "तिलाही आवडायची नाही."

झोपाळा हलायचा थांबला तेव्हा त्यांनी विचारलं, "लोक आले तर झाडं राहतील?"

"राहतील असं नाही. पण नाही आले तर नक्की जातील."

त्यांनी फोन काढला आणि तिथे बसूनच ग्रुपवर लिहिलं. हॉस्पिटलचा खरा पत्ता, खरा रस्ता, रविवारी या. आयुष्यात पहिल्यांदा.

उत्तरं लगेच आली. हसणारे चेहरे. जोडलेले हात. कोणी विचारलं, या वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये फुललंय का? नीलिमाताईंनी लिहिलं, "डॉक्टर, आमच्या गाडीचे टायर अजून चांगले आहेत."

काकांनी सगळं वाचलं आणि फोन उलटा ठेवला. मी म्हटलं, मी लिहिते, माझ्यावर विश्वास ठेवतील. त्यांनी मान हलवली. "तू सगळ्याच गोष्टींसाठी लिहितेस. वाचतं कोण?" हे खरं होतं, म्हणून लागलं. मग ते उठले, सदरा नीट केला आणि शेवटच्या झाडापुढे जाऊन उभे राहिले. झोपाळा खांद्याशी, वर तो गुलाबी ढीग, कोयरी हातात. मला समजेना.

"काढ फोटो," काका म्हणाले. "माणूस पुढे, फूल मागे. लोकांना तसंच लागतं ना."

"काका, सगळ्यांना कळेल."

"कळू दे. पटकन काढ, मी सातच्या खाली टिकणार नाही."

फोटो ग्रुपवर गेला. मग एकेक करत बायका लिहायला लागल्या. डाळ मी आणते. मी चकली आणते. वाटल्या डाळीला कैरी आणू की सफरचंद?

रविवारी रांगेखाली पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या संघटनेची माणसं, मंडळाची माणसं, त्यांची इथे जन्मलेली, मराठीत अडखळणारी मुलं, वॉर्डातून कॉफीच्या सुट्टीत आलेल्या नर्सेस. पार्किंगचा बेत आखणारे हॉस्पिटलचे एक गृहस्थ चौकशीला आले, तर कोणीतरी त्यांच्या हातात डाळीची वाटी दिली आणि त्यांना ती आवडली, हा त्या दिवसाचा सगळ्यात मोठा चमत्कार. पुढे हरकतींचा ढीग पडला आणि कार पार्क क्वार्टर्सच्या पलीकडच्या अंगाला सरकला. रांग राहिली. आमच्या पत्रकात याला जनतेचा विजय म्हटलंय. मीच लिहिलंय.

जनतेला हे माहीत नाही की त्या दुपारी काका गर्दीत नव्हते. गौर बायकांच्या स्वाधीन करून ते आपल्या गाडीत, काचा वर करून बसले होते. मी जाऊन काचेवर टकटक केली. त्यांनी फटीएवढी काच खाली घेतली.

"मला इथूनच दिसतंय," ते म्हणाले. "छान चाललंय. तू जा."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नीलिमाताई. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. काकांनी मागे कधीतरी पाठवलेला पोस्टकोड त्यांच्या फोनने 'पेठे चेरी' या नावाने जपून ठेवला होता, आणि घाईत त्यांनी तोच दाबला होता. सासूबाई बरोबर होत्या. डाळीचं पातेलं मांडीवर होतं. समोर टायर होते.

"डॉक्टर," त्या अगदी थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "आता खरं सांगा. आम्ही येऊ, की घरी जाऊ?"

काकांनी काचेतून झाडाकडे पाहिलं. फांदीखाली बायका गौरीला झोका देत होत्या, आणि कुणाच्या तरी लहान मुलीला झोळीत काय आहे ते बघायला उचलून धरलं होतं. काकांचे ओठ हलत होते. ते मोजत होते, की दुसरं काही म्हणत होते, मला कळलं नाही.

"तिथेच थांबा," ते म्हणाले, आणि गाडी सुरू केली. "मी घ्यायला येतो."