आमचा संगणक पूर्णपणे सुरक्षित आहे

कोणतीही नवी वस्तू वापरण्याआधी ती खराब होणार नाही याची खात्री करून घेणं, हे सुसंस्कृत घराचं पहिलं लक्षण आहे. आणि अशी खात्री करून घेण्याचा आजवर सापडलेला एकमेव पक्का मार्ग म्हणजे ती वस्तू न वापरणं.

आमच्या घराण्यात ही परंपरा जुनी आहे. मी फ्रॉक घालत होते तेव्हा वडिलांनी रेडिओ आणला. त्याला आधी झालरीचं कापडी आवरण शिवलं. आवरणावर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिक आलं, प्लास्टिक फाटू नये म्हणून कपाट आलं आणि कपाटाला कुलूप आलं. रेडिओ शेवटपर्यंत अतिशय उत्तम स्थितीत होता. बातम्या आम्ही शेजाऱ्यांकडे जाऊन ऐकायचो. (शेजाऱ्यांचा रेडिओ पुढे झिजला. आम्हाला वाईट वाटलं, आश्चर्य वाटलं नाही.) आई मात्र त्या कपाटासमोरून जाताना काहीतरी गुणगुणायची आणि वडील वर्तमानपत्र उंच धरायचे.

यंदा घरात संगणक आला तो माझ्यामुळे. माझी ताई दूर तिच्या मुलाकडे असते. हल्ली ती विसरते. आधी चष्मा विसरली, मग वार, मग सुनेचं नाव. (यातलं शेवटचं खरोखर विसरली की सोयीने, याबद्दल त्यांच्या घरात दोन मतं आहेत.) डॉक्टर म्हणाले, गाणी सगळ्यात शेवटी जातात, पण जातात.

प्रश्न एका गाण्याचाच होता. आमची डोकी धुताना आई एक गाणं म्हणायची, तिने स्वतः रचलेलं:

मांजर बसली खुर्चीवर,
उंदीर नाचे डोक्यावर,
मांजर म्हणते, थांबा जरा...

इथे आई डोक्यावर तांब्या ओतायची, साबण डोळ्यांत जायचा आणि मी किंचाळायचे. त्यामुळे शेवटची ओळ मी जन्मात ऐकलेली नाही. मांजर पुढे काय म्हणाली, हे आता जगात एकट्या ताईला ठाऊक आहे. फोनवर विचारलं, तर म्हणाली, “असं नाही आठवत गं बुटके. तू किंचाळायचीस ते तोंड समोर पाहिजे.” मोबाइलच्या पडद्यावर तिला माझं तोंड म्हणजे डाग दिसतो. म्हणून दोन्ही घरांनी मोठ्या पडद्याचा संगणक घ्यायचा ठरलं. भाच्याने तो आणला त्याच संध्याकाळी जोडला आणि ताईला समोर बसवलंसुद्धा. त्यांच्या घरच्या वळणाबद्दल मी काही बोलत नाही.

आमच्याकडे रीतसर समिती नेमली गेली. विषय: नव्या संगणकासाठी अत्यावश्यक सॉफ्टवेअरची निवड. अध्यक्ष, माझा मुलगा. तो विम्याच्या कचेरीत असतो, त्यामुळे कुठलीही वस्तू बघितली की त्याला आधी तिचा नाश दिसतो. सदस्य, माझी सून (ग्रंथपाल), नात (कॉलेज) आणि भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, जे अग्निशमन दलातून निवृत्त झाले आहेत, पण मनाने नाही. मी लाभार्थी असल्याने मला मत नव्हतं. चहाची जबाबदारी होती.

“ताईशी बोलायचं सॉफ्टवेअर तेवढं टाका,” मी म्हणाले.

“ते आलंय गं त्यात आधीपासून,” मुलगा म्हणाला. “पण असं उघड्यावर कसं बोलणार तू? आधी सुरक्षा.”

हे पटण्यासारखं होतं. पहिल्याच बैठकीत एक पहारेकरी सॉफ्टवेअर बसवण्यात आलं. भाऊजींनी शंका काढली, “पहाऱ्यावरचाच झोपला तर, वहिनी?” म्हणून दुसरा पहारेकरी नेमला. दुसऱ्याने येताच पहिल्याला चोर म्हणून धरलं. पहिल्याने दुसऱ्याची तक्रार केली. त्यांच्यात समेट घडवण्यासाठी तिसरा पहारेकरी आणला, आणि तिघांच्या वजनाने संगणक मंदावला म्हणून त्याला वेग देणारं चौथं. ते इतकं अवजड होतं की त्यानंतर संगणक सुरू होईपर्यंत माझा कुकर होऊन वाफ जिरायची.

सुनेने वस्तू जागच्या जागी लावणारं सॉफ्टवेअर सुचवलं. त्याने पहिल्याच दिवशी सगळं इतकं नीट लावलं की काहीच सापडेना. तेव्हा शोधून देणारं वेगळं घेतलं. संकेतशब्द सांभाळणारं एक घेतलं. त्याचा संकेतशब्द भाऊजींनी सुरक्षिततेसाठी कोणालाच सांगितला नाही आणि पुढे स्वतःलाही सांगितला नाही. नातीने चेहरा उजळवणारं एक आग्रहाने टाकलं.

“आजी, तू त्यात चाळिशीची दिसशील!”

“मग ताई ओळखेल कशी मला?”

“ती तशीही...” म्हणाली आणि तिने जीभ चावली. ठराव मात्र संमत झाला.

याशिवाय केरकचरा काढणारं एक सॉफ्टवेअर होतं. ते रोज विनयाने विचारायचं, “तुमच्या संगणकात अनावश्यक वस्तू आढळल्या आहेत. काढू का?” खाली दोन बटणं: ‘हो’ आणि ‘नंतर’. आमच्या घरात ‘नंतर’ दाबायची पद्धत आहे.

अशा रीतीने आठवडे गेले. मी म्हणायचे, “अरे, ताई वाट बघत असेल.” मुलगा म्हणायचा, “झालंच आई, एवढं अद्ययावत होऊ दे.” संगणक सतत अद्ययावत होत होता. ताई होत नव्हती.

मग एका रविवारी अध्यक्षांनी सुरक्षेचा अहवाल वाचला. एक अनोळखी इसम रोज संध्याकाळी न चुकता आपल्या संगणकात शिरण्याचा प्रयत्न करतो आहे, आणि तिन्ही पहारेकऱ्यांनी एकमताने (हे प्रथमच घडलं) त्याला प्रत्येक वेळी हाकलून लावलं आहे. यशाचं प्रमाण शंभर टक्के. टाळ्या झाल्या. भाऊजींचे डोळे भरून आले. “बघा वहिनी, म्हणत होतो ना! उघडं ठेवलं असतं तर?” मीही मनापासून टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याचा फोन आला.

“मावशी, रागावलीस का आमच्यावर?”

“मी कशाला रागावू?”

“मग उचलत का नाहीस? आई रोज संध्याकाळी केस विंचरून पडद्यासमोर बसते. वाजवून वाजवून थकते. काल विचारत होती, आपण कोणाची वाट बघतोय?”

मी फोन ठेवला. घरात कोणी जागं नव्हतं. समिती कामावर गेली होती आणि भाऊजी आतल्या खोलीत वामकुक्षी घेत होते. संगणक नेहमीप्रमाणे अद्ययावत होत होता. पडद्यावर तो विनयशील प्रश्न आला: अनावश्यक वस्तू आढळल्या आहेत. काढू का?

मी ‘हो’ दाबलं.

आमच्या घराण्याच्या इतिहासात हे बटण याआधी कोणी दाबलेलं नव्हतं. त्या सॉफ्टवेअरलाही बहुधा विश्वास बसला नसावा, कारण त्याने पुन्हा विचारलं, “नक्की?” मी म्हटलं, “अरे हो रे बाबा,” आणि पुन्हा दाबलं. मग त्याने पदर खोचलाच. एकेक करून तिन्ही पहारेकरी गेले. वेग देणारं फार सावकाश गेलं. लावून ठेवणारं, शोधून देणारं, उजळवणारं, सगळी गेली. संकेतशब्दवालं निरोप न घेता गेलं. शेवटी केर काढणाऱ्याने प्रामाणिकपणे आजूबाजूला पाहिलं असावं, आणि अनावश्यक म्हणून फक्त आपणच उरलो आहोत हे लक्षात येऊन ते स्वतःही गेलं. असा कर्मचारी मी माझ्या आयुष्यात पाहिला नाही.

पडदा रिकामा झाला. उरलं ते एकच, संगणकाबरोबर पेटीतून आलेलं, ताईशी बोलायचं. संध्याकाळी ते वाजलं.

ताई दिसली. केस विंचरलेले, चष्मा उलट्या हाताने सावरत होती. माझ्याकडे बघत राहिली. बघतच राहिली.

“कोण गं बाई तू?”

काय करावं ते कळेना. मग मी डोळे घट्ट मिटले, तोंड वासलं आणि शहात्तराव्या वर्षी, साबणाशिवाय, जीव खाऊन किंचाळले. आतल्या खोलीत भाऊजींची वामकुक्षी अजून चालूच होती; ते ‘आग! आग!’ करत उठले.

“बुटके!” ताई ओरडली. “अगं, हळू! नुसतं पाणी आहे ते!” आणि हात हवेत उचलून, तांब्या धरल्यासारखा, तिने ओतला:

“मांजर म्हणते, थांबा जरा,
नख्यांना आधी धार करा!”

मी डोळे उघडले. उंदीर डोक्यावर नाचतो आहे आणि मांजर नख्यांना धार लावून घेते आहे. मला ते कपाट आठवलं, कुलूप आठवलं, वडिलांचं उंच धरलेलं वर्तमानपत्र आठवलं.

“ताई, हे बाबांवर होतं?”

“मग काय तुझ्यावर? इतकी वर्षं कळलं नाही तुला?” आम्ही दोघी इतक्या हसलो की तिची कवळी निसटली. बादली घेऊन आलेले भाऊजी दारात तसेच उभे राहिले.

मुलगा घरी आला तेव्हा आम्ही चौथ्यांदा म्हणत होतो. त्याने पडदा पाहिला, मावशी पाहिली, मला पाहिलं, आणि पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने विचारलं, “आई, सुरक्षा कुठे गेली?”

झाल्या प्रकाराची चौकशी करण्यासाठी समितीची मुदत वाढवण्यात आली आहे. संगणकावर तोवर झालरीचं आवरण असतं. मी ते रोज संध्याकाळी काढते, त्यामुळे माझ्याकडची चहाची जबाबदारी काढून घेतली आहे.

तुम्ही हसत असाल, तर हसा. आम्ही हसण्यासारखेच आहोत. फक्त हसून झालं की आपल्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक तेवढं काढा.

नाही ना काढवत? मग या. समितीत चहाची जागा रिकामी आहे.