पाठीवरचे दहा किलो

"पाठीवर बॅग घेऊन आठ दिवस हिमालयात चालायचंय. कोण कोण येणार?" कमळाकरने पेणच्या कचेरीत चहाच्या वेळी विचारलं, तेव्हा सगळे आपापल्या बशीत बघू लागले आणि महिपती म्हात्र्यांचा हात वर गेला. का गेला, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. वय चोपन्न. तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसून त्यांनी दिल्लीपर्यंतची पाकिटं चिकटवली होती. स्वतः मात्र नाशिकच्या पुढे गेले नव्हते.

"म्हात्रेसाहेब, तिथं हमाल नाय, घोडा नाय," कमळाकर म्हणाला. त्याने असे चार ट्रेक केले होते आणि मिशीला पीळ देत तो ते सांगत असे. "दहा किलोची बॅग ज्याची त्यानं उचलायची. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी रोह्याला अवचितगड चढून दाखवायचा, बॅगेसकट. दोन तासांत वर आलात तर नाव राहील. नायतर मी खोडणार."

त्याने आपली एक जुनी निळी बॅगही दिली. पहिल्या दिवशी महिपतींनी तीत विटा भरल्या. त्या पाठीत टोचल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातला तांदळाचा डबाच बॅगेत रिकामा केला. बरोबर दहा किलो भरले, आणि पाठीला गादीसारखे बसले.

"भात काय पाठीवर शिजवणार हाय?" चंद्रावतीने विचारलं.

"आल्यावर परत डब्यात ओततो की."

तिने कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही. चोवीस वर्षांत या माणसाने काहीतरी मागून घेतल्याचं तिला आठवत नव्हतं.

महिपती सकाळ-संध्याकाळ चालू लागले. रामवाडीतल्या घरातून निघायचं, हायवे ओलांडायचा, खाडीकडच्या रस्त्याने तासभर जायचं आणि परत यायचं. तिसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या काशीबाई दूध घेऊन येताना समोर आल्या.

"भावोजी, येवढी बॅग घेऊन कुठं निघालात?"

महिपतींना दम लागला होता. त्यांनी नुसता हात लांब डोंगराकडे केला.

"आणि वैनी?"

"ती... नाय येत," ते कसेबसे म्हणाले. "मी... एकटाच."

काशीबाई दुधाची पिशवी धरून बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

एवढ्यावर कदाचित भागलं असतं. पण त्याच दिवशी संध्याकाळी चंद्रावती मागच्या अंगणात मसाल्याच्या मिरच्यांची देठं खुडत होती आणि तिचा हात डोळ्याला लागला. डोळे धुतले तसे ते जास्तच झोंबले. सात वाजले, भात टाकायचा तर तांदूळ खाडीच्या रस्त्यावर फिरत होते. ती तशीच लाल डोळ्यांनी, नाक ओढत काशीबाईंच्या दारात उभी राहिली.

"काशीबाय, दोन वाट्या तांदूळ देता का? ह्यांनी सगळे नेले."

"तांदूळसुद्धा?" काशीबाईंनी तोंडावर हात घेतला.

"दाणा ठेवला नाय," चंद्रावती म्हणाली आणि कुकर राहिलाय म्हणून घाईने परतली.

काशीबाईंची मुलगी रोह्यात दिलेली होती, नेमकी चंद्रावतीच्या माहेराच्या आळीत. काशीबाईंनी तिला फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रावतीचा थोरला भाऊ हैबतराव धाटावच्या कंपनीतून पहिली शिफ्ट संपवून घरी आला, तर त्याची आई गिरजाबाई चपला घालून ओट्यावर बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची म्हातारी मोटारसायकलच्या मागे बसली आणि दोघं नागोठण्यावरून दिवस कलताना थेट पेणला आली.

चंद्रावती दारात आली. कालच्या मिरच्या संपल्या नव्हत्या, त्यामुळे डोळे आजही लाल होते.

"रडलीस गो?" गिरजाबाईने विचारलं.

"नाय गो आये. मिरच्या झोंबल्या."

"मी पन सासरी मिरच्याच सांगायची," म्हातारी म्हणाली आणि तिने लेकीला पोटाशी धरलं.

"भावोजी कुठं हायत?" हैबतरावाने विचारलं.

"ते गेले नव्हं का खाडीकडं बॅग घेऊन. पन..."

तिचं पुढचं वाक्य मोटारसायकलच्या आवाजात बुडालं.

खाडीच्या रस्त्यावर महिपती त्या दिवशी चांगल्या लयीत चालले होते. मागून हाक आली, "भावोजी, थांबा!" त्यांनी मान वळवून मेहुण्याला ओळखलं, पण पाय थांबवले नाहीत. मध्येच थांबलं की लय मोडते, असं कमळाकरने बजावलं होतं. हैबतराव गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून त्यांच्या बाजूने चालवू लागला.

"घरी चला!"

"आता... नाय," महिपती धापा टाकत म्हणाले. "ठरवलंय."

"अवो, चोवीस वर्षांचा संसार हाय!"

"म्हणूनच... एकदा तरी... बाहेर पडायचं."

हैबतरावाचा चेहरा उतरला. "कुणी भरवलं हे डोक्यात?"

"कमळा..." महिपतींचा श्वास तुटला.

"कमळा?"

गाडी बंदच पडली. हैबतराव ती तशीच रस्त्याकडेला सोडून धावला आणि त्याने मागून बॅग धरली. महिपती पुढे, हैबतराव मागे, अशी थोडा वेळ ओढाताण झाली. मग महिपतींनी रस्त्यातच बसकण मारली. पाच मिनिटं त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना. हैबतरावाने तो कबुलीजबाब मानला आणि त्यांना गाडीवर बसवून घरी आणलं.

"आये," दारातूनच तो पडेल आवाजात म्हणाला, "बाई हाय. कमळा नावाची."

चंद्रावती नवऱ्याकडे बघत राहिली. महिपतींनी दोन्ही हात हलवले, पण श्वास अजून परतला नव्हता. मग तिच्या लक्षात आलं आणि ती एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"कमळाकर, दादा! ह्यांच्या हापिसातला! मिशा हायत त्याला!"

तिने बॅग उघडून तांदूळ दाखवले, हिमालयाची सगळी हकिकत सांगितली. हैबतरावाला ते पटायला वेळ लागला. "पगारी माणूस तांदूळ घेऊन रस्त्यावर फिरतो? कशापायी?" त्याने दोनदा विचारलं. मग तो महिपतींच्या शेजारी बसला आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या पुढे सरकवला. "रागावू नका. बहिणीचा जीव म्हणून धावलो."

"चुकलं नाय तुमचं," महिपती म्हणाले. आवाज आता परत आला होता. "मीच चार लोकांना सांगायला हवं होतं. पण वाटलं, नाय जमलं तर हसतील."

गिरजाबाईने तोवर बॅग एका हाताने उचलून पाहिली होती. तिचं लहानपण मिठागरावर गेलं होतं.

"येवढ्यानं तुमी रस्त्यात बसलात?" तिने जावयाला विचारलं. "आमी मिठाची टोपली डोक्यावर घेऊन बांधावरनं पळायचो. खाली बघत नका चालू, जावईबापू. मान वर ठेवा, दम टिकतो."

महिपतींनी ते ऐकलं. पुढचे तीन आठवडे ते मान वर ठेवून चालले, आणि खरंच बोलता येईल एवढा दम टिकू लागला.

परीक्षेच्या रविवारी ते रोह्याहून पायथ्याला पोहोचले, तेव्हा बरोबर चंद्रावतीही होती. "वाटेत कुठं पडले तर उचलायला कोणी हवं," असं तिने कमळाकरला सांगितलं. गडाच्या सावलीत ती लहानाची मोठी झाली होती, पण वर कधी गेली नव्हती. पोरींना कोण पाठवतंय!

चढ झाडीतला होता. महिपती पावलं मोजत चढले. घाम डोळ्यांत गेला, पोटऱ्या थरथरल्या, एका वळणावर ते खडकाला धरून उभे राहिले. आता सोडून द्यावं, असं त्यांना अगदी वाटलं. चंद्रावतीने पाण्याची बाटली पुढे केली आणि स्वतः पुढे चालू लागली. तिची पाठ दिसत राहिली म्हणून ते चालत राहिले. गडाच्या दरवाजातून आत शिरले तेव्हा कमळाकरने घड्याळ पाहिलं.

"एक तास बावन्न! म्हात्रेसाहेब, नाव पक्कं!"

महिपती बुरुजावर बसले. खाली कुंडलिका नदी उन्हात चमकत होती. चंद्रावती कठड्याला टेकून आपलं घर शोधत होती आणि तिचा चेहरा एवढा उजळलेला त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला.

उतरताना त्यांचे गुडघे बोलू लागले. अर्ध्या वाटेवर ते खाली बसले, तशी चंद्रावतीने बॅग काढून घेतली, पदर खोचला, पट्टे आवळले आणि झपझप निघाली. पायथ्याशी ती कमळाकरच्याही आधी पोहोचली. महिपती मागून काठी टेकत आले.

"वैनी, असं नाय चालणार," कमळाकर म्हणाला. "नियम म्हंजे नियम. ज्याची बॅग त्यानंच उचलायची."

"मग ह्यांच्यासाठी दुसरी बघा," चंद्रावती पट्टे न सोडता म्हणाली. "ही माझ्या पाठीला नीट बसली."