तिसऱ्या मजल्याचे वजन

सूचनाफलकावरील कागद दप्तरकाकांनी तीन वेळा वाचला. सोमवारपासून इमारतीच्या एकेका मजल्यावरील भार मोजला जाणार होता. टेबले, कपाटे, कागद आणि माणसे, सर्वांचे वजन. ज्या मजल्यावर भार मर्यादेबाहेर आढळेल, तेथील दप्तर दप्तरीसह तळघरात हलवण्यात येईल, असे खाली मोठ्या बाईंच्या, म्हणजे कार्यालयप्रमुखांच्या, सहीने नमूद होते.

तिसऱ्या मजल्यावरील जुन्या फायलींची अठरा लोखंडी कपाटे दप्तरकाकांच्या ताब्यात होती. कपाटे कार्यालयाची होती. त्यांच्यामागची खिडकी मात्र काका आपली स्वतःची समजत. त्या खिडकीतून रस्त्यापलीकडच्या गोदामाच्या पत्र्यावरून थेट त्यांच्या घराची गॅलरी दिसे. गेल्या वर्षी अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांच्या पत्नीचा उजवा हात गेला आणि वाचाही गेली. ज्या घरातून शब्दच निघत नाही, तेथे दूरध्वनीचा उपयोग तो काय? म्हणून रोज दुपारी एक वाजता ती डाव्या हाताने गॅलरीच्या कठड्यावर पिवळा टॉवेल टाकी. टॉवेल पडला म्हणजे ती जेवली, बरी आहे. न पडला, तर काका चप्पल घालण्यासही थांबत नसत.

तळघराला खिडकी नव्हती.

चौथ्या मजल्यावरच्या दप्तरावर एक अगडबंब गृहस्थ होता. त्याला सारे पैलवान म्हणत, यद्यपि आखाड्याचे दर्शन त्याने कधी घेतले नव्हते. काका त्याच्याकडे गेले.

"माझी अठरा कपाटं सोमवारपुरती तुझ्याकडे ठेव. माझी मोजणी झाली की संध्याकाळी खाली नेतो. तुझा नंबर मंगळवारी."

"आणि मोजणीवाल्यानं विचारलं, फायली कुठायत, तर?"

"सांगेन, वाळवीचं औषध मारायला काढल्यात."

"काका, तुम्हाला खोटं बोलता येतं?"

"नाही रे. पण पाठ करतो."

पैलवान हसला नाही. टॉवेलाची गोष्ट त्याला ठाऊक होती.

रविवारी रिकाम्या इमारतीत दोघे लिफ्टसमोर उभे राहिले. आत 'आठ माणसे' अशी पाटी होती.

"आठ म्हणजे कुठली आठ?" पैलवान विचारात पडला. "तुमच्यासारखी की माझ्यासारखी?"

"मधली धर."

"मग भरलेलं एक कपाट म्हणजे मधली चार. दोन कपाटं बसतील."

"आणि आपण?"

"आपण जिन्यानं."

अशा नऊ खेपा झाल्या. नवव्या खेपेला लिफ्टने वर पोचून जो दीर्घ सुस्कारा सोडला, त्याचा अर्थ जाणण्याइतके त्राण दोघांतही उरले नव्हते.

सोमवारी मोजणीसाहेब आले. मनुष्य तरुण, मितभाषी, आणि वजनकाट्यावाचून जगात अन्य काही सत्य नाही अशा मुद्रेचा. त्यांनी टेबल मोजले, खुर्ची मोजली, नंतर काकांना काट्यावर उभे केले. एक्कावन्न किलो.

"बास? फायली नाहीत?"

काकांनी पाठ केलेले वाक्य घाईने म्हटले. "औषध मारायला वाळवी काढलीय, साहेब."

"मला काय त्याचं? आज इथे जे आहे तेच मी मोजतो," असे म्हणून साहेब निघून गेले. बरोबर एक वाजता टॉवेल पडला. काकांना वाटले, आपण सुटलो.

सायंकाळी लिफ्टचे बटण दाबले, ते आत गेले आणि आतच राहिले. दुरुस्तीवाला म्हणाला, "मोटर गेली. गुरुवारी बघू." पैलवानाची पाठ धरली होती, काकांना उभे राहवत नव्हते. जिन्याने एक कपाट तीन पायऱ्या उतरले आणि तिथेच अडून बसले. ते परत वर ओढण्यात दिवस मावळला.

मंगळवारी चौथ्या मजल्यावर पैलवानाची अठरा आणि काकांची अठरा, अशी छत्तीस कपाटे मोजली गेली. त्यात पैलवान, एकशे बारा किलो. साहेबांनी प्रथमच भुवई उचलली.

आठवड्याने मोठ्या बाईंनी दोघांना बोलावले. "चौथ्यावर भार फार झालाय, आणि तिसरा मजला जवळजवळ रिकामा. तेव्हा चौथ्यावरची अठरा कपाटं तिसऱ्यावर आणायची."

काकांना हर्षाने हुंदका आला. "मग ती तळघरात नाही जाणार?"

"तळघरात ओल आहे, कागद कुजतील. पैलवान, चौथ्याच्या दप्तराचे रखवालदार तुम्ही. कपाटांबरोबर तुम्ही तिसऱ्यावर बसा, वर उरलेल्यांवर तिथूनच लक्ष ठेवा."

"आणि मी, बाई?"

"तुमच्याकडे तर अहवालात एकही फाईल नाही, काका. तुम्ही तळघरात कोरे कागद सांभाळा."

"पण तिथे ओल..."

"माणसाला कुठे कसर लागते?"

पैलवान खरे सांगू लागला, तर काकांनी त्याचा हात दाबला. खरे बोलून दोघेही तळघरात गेले असते. तथापि मोजणीसाहेबांना फाटकाशी गाठून काकांनी एकट्याने, सर्व आपल्याच अंगावर घेऊन, कबूल केले. साहेबांनी चष्मा पुसला.

"अठरा कपाटं? भिंतीलगत होती?"

"भिंतीलगतच."

"मग मजल्यानं सहज पेलली असती. जागची हलवायचं कारणच नव्हतं. आता अहवाल गेला हो."

लिफ्ट दुरुस्त होताच कपाटे खाली आली आणि फरशीवरील आपल्याच गंजाच्या डागांवर तंतोतंत बसली. त्याच रात्री लिफ्ट पुन्हा बंद पडली, ती कायमची.

तळघरातील पहिल्या दिवशी एक वाजला. एक वाजून पाच मिनिटे झाली. काका कोऱ्या कागदांतून उठले, तोच जिन्यात धाडधाड पावले वाजली. घामाने निथळणारा पैलवान दारात उभा होता.

"पडला, काका! पडला."

"एवढा उशीर?"

"टॉवेल वेळेत पडला हो. मी जिन्यात अडकलो."

सहा महिन्यांनी मोजणीसाहेब फेरतपासणीस आले. तिसऱ्या मजल्यावर पैलवान काट्यावर चढला. चौऱ्याण्णव.

"मागे एकशे बारा होतं," साहेब कागद चाळत म्हणाले. "अठरा किलो कुठे गेले?"

पैलवानाने घड्याळाकडे पाहिले, मग खिडकीकडे. पिवळे काहीतरी कठड्यावर पडले, आणि तो काट्यावरून उतरून जिन्याकडे धावला.

"तळघरात!" तो जाता जाता म्हणाला.